कागद मागावा लागू नये

काही महिन्यांपूर्वी एका गावच्या महिला सभेला गेले होते. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यावी असे आपला ग्रामपंचायत कायदा सांगतो. बऱ्याच गावांत ही सभा फक्त रजिस्टरात होते. या गावी बचत गटातल्या बायकांनी हट्टच धरला, म्हणून ती खरोखर भरली. समाजमंदिरात पस्तीस-चाळीस जणी होत्या. सरपंचबाई खुर्चीवर, त्यांचे यजमान दाराशी, आणि ग्रामसेवक दप्तर न घेता आलेले. या पदाचे नाव २०२४ मध्ये बदलून ग्रामपंचायत अधिकारी झाले आहे, पण गावाच्या तोंडी अजून 'भाऊसाहेब'च आहे.

पाण्याचे झाले, गटाराचे झाले. मग मागे बसलेली एक बाई उठली. नवरा वारलेला, दोन मुली, दुसऱ्याच्या शेतात मजुरी. ती म्हणाली, "भाऊसाहेब, पंचायतीच्या उत्पन्नातले दहा टक्के बायकापोरांसाठी असतात म्हणे. तीन वर्षांचे आमचे दहा टक्के कुठे गेले, तेवढे सांगा."

सभा एकदम शांत झाली. भाऊसाहेब म्हणाले, "दप्तर तालुक्याला तपासणीला गेलंय. पाहिजे तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका."

ती खमकी होती. गटातल्या एका मुलीकडून अर्ज लिहून घेतला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावला आणि दुसऱ्या दिवशी पंचायतीत देऊन आली. दिवे लागायच्या आत थोरला दीर दारात हजर. "पंचायतीत अर्ज करायला तुला कुणी शिकवलं? आमच्या घराण्याचं नाव चावडीवर न्यायचं होतं का?" घराची जागा दिराच्या नावावर. आठ दिवसांनी तिने अर्ज मागे घेतला. मी भेटायला गेले तेव्हा म्हणाली, "ताई, कागद मिळाला असता की नसता, देव जाणे. माझं नाव मात्र गावभर झालं."

तिचे हे वाक्य डोक्यातून जात नाही. म्हणून या अंकाचे संपादकीय त्यावर.

माहितीचा अधिकार आपल्याला कुणी आयता दिलेला नाही. १९९४ च्या डिसेंबरात राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या कोटकिराना गावी मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई घेतली. सरकारी कामांची कागदपत्रे गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचली गेली, तेव्हा कळले की कामावर न आलेल्यांच्या नावे मजुरी निघाली आणि न झालेल्या कामांची बिले दिली गेली. १९९६ मध्ये ब्यावर शहरात चाळीस दिवस धरणे झाले. 'हमारा पैसा, हमारा हिसाब' ही घोषणा देणाऱ्यांत खडी फोडणाऱ्या, माती वाहणाऱ्या बाया मोठ्या संख्येने होत्या. त्यांचे मागणे पुस्तकी नव्हते. आपल्या घामाचा हिशेब त्या मागत होत्या. पुढे महाराष्ट्राने २००२ चा कायदा केला आणि २००५ मध्ये देशाचा कायदा आला.

या कायद्याचे दोन भाग आहेत. एक भाग सगळ्यांना ठाऊक आहे: अर्ज करा, तीस दिवसांत माहिती घ्या, न मिळाल्यास अपील करा. दुसरा भाग कलम ४ चा. चळवळीतही त्याची चर्चा कमी होते. हे कलम सांगते की प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाने आपले अंदाजपत्रक, खर्च, योजना, लाभार्थी, दिलेले परवाने अशी सतरा प्रकारची माहिती कुणी न मागता आपणहून प्रसिद्ध करावी. त्यासाठी मुदत दिली होती कायदा मंजूर झाल्यापासून १२० दिवसांची. लोकांना अर्ज करण्याची गरज कमीत कमी पडावी म्हणून इंटरनेटसह वेगवेगळ्या मार्गांनी ही माहिती वेळोवेळी द्यावी, ती स्थानिक भाषेत असावी, त्या भागात जे साधन सर्वांत चांगले चालते त्याने पोचवावी, असेही त्यात स्पष्ट लिहिले आहे.

म्हणजे आमच्या त्या मैत्रिणीला अर्ज करावा लागला, तो कायद्याच्या दृष्टीने तिचा हक्क होता खरा, पण त्याआधी पंचायतीची कसूर होती. तो कागद आधीच उघड असायला हवा होता. 'अर्ज टाका' हे उत्तर बरेचदा कायद्याची आठवण म्हणून दिले जात नाही, अडवणूक म्हणून दिले जाते.

आणि या अडवणुकीची किंमत सगळ्यांना सारखी नसते. अर्जावर नाव-पत्ता लिहावा लागतो. गावात पंचायतीत आलेला अर्ज आधी चहाच्या टपरीवर वाचला जातो. पुरुषाने अर्ज केला तर म्हणतात, 'राजकारण करतोय.' बाईने केला तर तिच्या चारित्र्यापासून माहेरापर्यंत सगळे निघते. दलित, आदिवासी, भटक्या समाजातली बाई असेल तर रोजगार तुटतो, रेशन अडते. अर्ज करणारे पुरुषही सुरक्षित नाहीत. तळेगाव दाभाडे येथे जमीन घोटाळे बाहेर काढणारे सतीश शेट्टी यांचा १३ जानेवारी २०१० रोजी खून झाला. शिवाय अपिलाची वाट लांब आहे. २०२४ च्या मध्याला महाराष्ट्राच्या माहिती आयोगापुढे एक लाखाहून अधिक अपिले आणि तक्रारी पडून होत्या. मजुरी बुडवून तालुक्याच्या आणि विभागाच्या खेपा घालणे आपल्यातल्या किती जणींना परवडेल?

म्हणूनच ग्रामपंचायत असो की महापालिका, तिचे सार्वजनिक कागद इंटरनेटवर टाकणे बंधनकारक हवे, असे आम्हाला वाटते. हा केवळ सोयीचा किंवा शहरी सुशिक्षितांच्या आवडीचा प्रश्न नाही. संकेतस्थळावरचा कागद तुमचे नाव विचारत नाही. तो कोणी पाहिला हे दिराला, सरपंचाच्या नवऱ्याला, ठेकेदाराला कळत नाही. बाईसाठी हा फरक फार मोठा आहे.

याचा एक नमुना महसूल खात्यात पाहायला मिळतो. सातबारा आता इंटरनेटवर पाहता येतो. फेरफाराच्या नोटिसा 'आपली चावडी' या संकेतस्थळावर लागतात. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये वारसा कायदा बदलून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना बरोबरीचा हक्क दिला. तरी हक्कसोडपत्रावर अंगठे घेऊन बहिणींची नावे उतरवण्याचे थांबलेले नाही. पूर्वी तिला हे कळायचे ते भावाने जमीन विकल्यावर. आज तिच्या मुलीला मोबाईलवर उतारा उघडून आईचे नाव आहे की नाही ते बघता येते, तेही तलाठी कार्यालयाची पायरी न चढता. बाईला न्याय मिळाला असे नाही, पण निदान अंधारात ठेवणे अवघड झाले.

मग पंचायतींचे काय? काहीच झाले नाही असे म्हणणे खोटे ठरेल. २०२० पासून केंद्राचे ई-ग्रामस्वराज संकेतस्थळ आहे. त्यावर गावाचा विकास आराखडा आणि खर्चाच्या नोंदी येतात. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी अट घातली की स्थानिक संस्थांचे हिशेब, आणि त्याआधीच्या वर्षाचे लेखापरीक्षित हिशेब, लोकांना इंटरनेटवर पाहता आले तरच अनुदान मिळेल. जे कायद्याने वर्षानुवर्षे झाले नाही, ते पैसा अडकल्यावर काही अंशी होऊ लागले. यातून शिकण्यासारखे आहे. माहिती अधिकार कायद्यात अर्ज दाबून ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड आहे. कलम ४ न पाळणाऱ्याला मात्र असा दंड नाही. दात नसलेले कलम कोण जुमानणार? ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माहिती आयोगांना या कलमाच्या अंमलबजावणीवर सतत लक्ष ठेवायला सांगितले, ते यामुळेच.

आता दुसरी बाजू. आमच्या गटाने काही पंचायतींची पाने उघडून पाहिली. आकडे सापडले, कागद सापडले नाहीत. 'महिला व बालकल्याण' अशी एक ओळ आणि पुढे रक्कम. त्या रकमेतून शिलाई यंत्रे घेतली की अंगणवाडीच्या सतरंज्या, कोणत्या दुकानातून, किती भावाने, कुणाला दिल्या, यातले काही नाही. घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार लिलाव हे पंचायतीचे स्वतःचे उत्पन्न. आपले दहा टक्के त्यातूनच यायचे असतात. नेमका तोच हिशेब सर्वांत पुसट. सभेचे इतिवृत्त तर कुठेच नाही. नुसती बेरीज दाखवून कुणी पारदर्शकतेचा दाखला घेत असेल तर तो आपण देऊ नये.

म्हणून आपली मागणी मोघम नसावी. 'सगळे ऑनलाइन करा' म्हटले की एक संकेतस्थळ उघडले जाते, उद्घाटनाचा फोटो त्यावर चढतो आणि तीन वर्षे तो तिथेच राहतो. आपण कागदांची नावे घेऊन मागू या. ग्रामसभा, महिला सभा आणि मासिक सभेचे इतिवृत्त, सह्यांसह, ठरलेल्या मुदतीत. मंजूर अंदाजपत्रक. रोकडवही आणि खर्चाची बिले. महिला व बालकल्याणाच्या १० टक्के निधीचा वेगळा हिशेब. प्रत्येक कामाचे अंदाजपत्रक, ठेकेदार, मोजमाप आणि झालेले पैसे. लेखापरीक्षणातले आक्षेप आणि त्यांची उत्तरे. शहरात याच्या जोडीला प्रभागवार खर्च, निविदा आणि सार्वजनिक स्वच्छतागृहांची यादी. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' मोहिमेतल्या कार्यकर्त्यांना वस्त्यावस्त्यांत फिरून बायकांच्या मुताऱ्यांची पाहणी करावी लागली, ती याचसाठी. पालिकेने जे आपणहून सांगायचे, ते बायकांनी पायपीट करून शोधले.

हे सारे मराठीत हवे. अक्षर वाचता येईल असे हवे, कारण तिरका ठेवून मोबाईलवर काढलेला धूसर फोटो म्हणजे कागद नव्हे. प्रत्येक कागदावर तो कधी चढवला ती तारीख हवी आणि मागाहून बदल केला तर जुनी प्रतही राहायला हवी. हे न करणाऱ्यावर कारवाईची तरतूद हवी.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. या मागणीत निवडून आलेल्या बाईचा सर्वांत जास्त फायदा आहे. १९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली, तेव्हा आपल्याला एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रात २०११ पासून त्या निम्म्या झाल्या. पण दप्तर कुणाच्या हाती राहिले? पूर्वी कोऱ्या धनादेशांवर सरपंचबाईंची सही घेतली जायची. आता पैसे काढायला डिजिटल सही लागते. ती सही ज्या उपकरणात असते ते कुणाच्या खिशात असते, हे प्रत्येकीने आपापल्या गावी विचारून पाहावे. घोटाळा निघाला की कलम ३९ खाली पद जाते ते मात्र बाईचे. स्वतःच्या सहीने निघालेले बिल तिलाच घरी बसून पाहता आले, तर ती निदान वेळेत विचारू शकेल की मी याला कधी होकार दिला. कागद उघडा असला की सरपंचपतीच्या मधस्थीची गरज थोडी तरी कमी होते.

आमच्याच काही कार्यकर्त्या विचारतात, "बायकांकडे मोबाईल कुठे आहे? हा तर पुरुषांचाच फायदा." प्रश्न खरा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रियांचे प्रमाण देशात ३३ टक्के होते, पुरुषांचे ५७ टक्के. ग्रामीण भागात स्त्रिया जेमतेम चौथा हिस्सा. त्यानंतर मोबाईल वाढले असले तरी घरात तो कुणाच्या हातात असतो हे आपण जाणतो. म्हणून फळा आणि भिंत काढून टाकून संकेतस्थळ आणायला आमचा विरोध आहे. कायद्यालाही तसे नको आहे. फलक, दवंडी, वर्तमानपत्र आणि इंटरनेट ही सारी साधने त्याने एकत्र सांगितली आहेत. दहा टक्क्यांचा हिशेब अंगणवाडीच्या भिंतीवर रंगवलेला असावा, महिला सभेत मोठ्याने वाचला जावा आणि इंटरनेटवरही असावा. भिंतीवरचा आकडा रात्रीतून पुसता येतो. इंटरनेटवरची तारखेसह प्रत तशी पुसता येत नाही, आणि ती मुंबई-पुण्याला कामावर गेलेली गावची मुलगीही पाहू शकते. राजस्थानने सप्टेंबर २०१९ मध्ये कलम ४ चा आधार घेऊन 'जन सूचना पोर्टल' सुरू केले. ज्या चळवळीने पूर्वी जनसुनवाया घेतल्या, तिच्या कार्यकर्त्यांचा ते घडवण्यात सहभाग होता. तिथेही पोर्टल आले म्हणून गावातली बैठक संपली नाही. कागद एकीने उघडायचा आणि दहा जणींनी ऐकायचा, हीच आपली जुनी पद्धत आहे.

आता एक सावधगिरी, आणि ती स्त्री चळवळीनेच सांगायला हवी. सगळेच कागद उघडे नकोत. अत्याचार झालेल्या स्त्रीची ओळख, नवऱ्याने टाकलेल्या बाईचा पत्ता, कुणाचा आजार, आधार आणि बँक खात्याचे क्रमांक या गोष्टी संकेतस्थळावर जाता कामा नयेत. विशेष विवाह कायद्याखालच्या नोटिसा केरळात नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर लावल्या जात. मुला-मुलींचे फोटो आणि पत्ते उचलून त्यांना धमकावण्याचे प्रकार झाले, तेव्हा जुलै २०२० मध्ये तिथल्या सरकारला ते थांबवावे लागले. घरातून स्वतःच्या निर्णयाने बाहेर पडलेल्या मुलीला शोधणाऱ्यांसाठी शासनाने पत्ता टांगून ठेवावा, ही कसली पारदर्शकता?

मात्र याच खासगीपणाचा पडदा करून सत्तेचे व्यवहार झाकले जाणार असतील तर त्यालाही विरोध करायला हवा. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराचे कलम ८(१)(ञ) बदलले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो बदल लागू झाला. आधी व्यक्तिगत माहितीही व्यापक लोकहित असेल तर द्यावी, असे त्या कलमातच होते. आता 'व्यक्तिगत माहिती' एवढे म्हणून नकार देता येतो. लोकहितासाठी माहिती देण्याची मुभा कलम ८(२) मध्ये उरली आहे, ती आपण घट्ट धरून ठेवली पाहिजे. नाहीतर उद्या ठेकेदाराचे नाव, बिलावरची सही, घरकुलाच्या यादीतले पुढाऱ्याच्या भावाचे नाव, सगळेच 'व्यक्तिगत' ठरेल. आपली कसोटी साधी असावी. सार्वजनिक पैसा आणि सार्वजनिक सही यांचा कागद उघडा असावा. बाईचे दुःख आणि तिचा ठावठिकाणा झाकलेला असावा. सध्या बरेचदा याच्या नेमके उलटे घडते.

मैत्रिणींनो, कायदा होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. पुढच्या महिला सभेत ठराव घ्या की इतिवृत्त आणि दहा टक्क्यांचा हिशेब इंटरनेटवर आणि अंगणवाडीच्या भिंतीवर लागला पाहिजे. ठराव गटाच्या नावाने मांडा, म्हणजे एकट्या बाईचे नाव पुढे येणार नाही. आपल्या गावचे पान गटातल्या शिकणाऱ्या मुलीकडून उघडून घ्या, जे दिसेल ते छापून बैठकीत वाचा आणि जे दिसत नाही त्याची यादी करा. २०१८ च्या शासन निर्णयाने जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात दप्तर पाहण्याची सोय ठेवायला सांगितले आहे. तिथे पाच-सहा जणी मिळून जा. अर्ज करावाच लागला तर वेगवेगळ्या गावच्या गटांनी एकमेकींसाठी करावा. तुमच्या गावचा अर्ज आमच्या नावाने आणि आमच्या गावचा तुमच्या.

त्या मैत्रिणीच्या गावच्या हिशेबाचा अर्ज आता शेजारच्या तालुक्यातल्या गटाने केला आहे. तिला सांगितले तेव्हा तिने फक्त विचारले, "त्यात माझं नाव नाही ना?" नाही म्हटल्यावर हसली आणि म्हणाली, "मग आला की मोठ्याने वाचा. मी मागे बसून ऐकीन."

तिने मागे बसून ऐकावे, हे काही आपले ध्येय नाही. एक दिवस तिने पुढे बसून स्वतः वाचावे. पण त्यासाठी आधी कागद बाहेर यायला हवा, तिच्या नावाचा बळी न देता. तुमच्या गावात, वॉर्डात काय दिसते आणि काय दिसत नाही, ते जरूर लिहून कळवा. पुढच्या अंकात ते सर्वांपुढे ठेवू.